मदत हवी आहे: अ‍ॅमिकासिन चालू असताना आईच्या कानात आवाज येतो आहे

नदीकाठ : आईला मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी रोज प्रतिजैविक अ‍ॅमिकासिनचे इंजेक्शन चालू आहे. कालपासून तिच्या कानात सतत गुणगुणल्यासारखा आवाज येतो. संध्याकाळी पुढचा डोस आहे. तो घ्यावा की नाही, एवढेच सांगावे.

शल्यविशारद : वय, वजन, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), डोस, आजचा कितवा दिवस आणि इतर औषधे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

पिंपळपान : डोस सकाळ-संध्याकाळ विभागून मागा. माझ्या वडिलांना तसाच दिला होता. मूत्रपिंडावर भार कमी पडतो.

शल्यविशारद : हे उलट आहे. दिवसातून एकदा दिलेल्या मोठ्या डोसाने जंतू अधिक मरतात आणि मधल्या काळात रक्तातली पातळी उतरल्याने मूत्रपिंडात औषध कमी साठते.

कोकणवासी : क्षयरोगासाठी याच गटातले कॅनामायसिन घेऊन माझ्या मामांची श्रवणशक्ती गेली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ते इंजेक्शन उपचारातून वगळले. आईलाही गोळ्याच मागा.

शल्यविशारद : तो क्षयरोगाचा प्रश्न झाला, येथे कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून केलेल्या तपासणीत) कोणती औषधे लागू पडतात, त्यावर ते ठरेल.

नदीकाठ : वय 71, वजन 48 किलो, डोस 750 मिलिग्रॅम, आज सहावा दिवस. दाखल केले तेव्हा क्रिएटिनीन 1.1 होते, नंतर तपासलेले नाही. पायांच्या सुजेसाठी फ्युरोसेमाइड पूर्वीपासून चालू आहे. लघवी मात्र व्यवस्थित होते.

शल्यविशारद : वजनाच्या मानाने डोस बरोबर आहे, दोन डोसांमधले अंतर बरोबर नाही. 1.1 हा आकडा निर्धोक दिसतो, पण या वयाला व वजनाला त्याचा अर्थ क्रिएटिनीन क्लिअरन्स (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) मिनिटाला जेमतेम 36 मिलिलिटर, म्हणजे औषध साठत जाणार. शिवाय फ्युरोसेमाइडमुळे कानाचा धोका वाढतो. या औषधाने मूत्रपिंड बिघडते तेव्हाही लघवी पुष्कळदा भरपूर होते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. डोसाआधीच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून कानातला आवाज सांगा, डोस रोखून आजच क्रिएटिनीन आणि शक्य असल्यास अ‍ॅमिकासिनची पातळी तपासण्याची विनंती करा. पुढच्या डोसापूर्वीची पातळी लिटरला 5 मिलिग्रॅमच्या आत असावी लागते. मूत्रपिंड बहुधा सावरते. आतल्या कानातल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

पिंपळपान : पण त्यांना बोललेले नीट ऐकू येत असेल, तर एवढी घाई कशाला?

शल्यविशारद : कारण आधी उच्च स्वरांचे ऐकू येणे जाते, बोलणे नंतर. ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) त्यासाठीच हवी.

नदीकाठ : डॉक्टरांनी डोस रोखला. क्रिएटिनीन 1.7 आले. उद्या ऑडिओमेट्री आहे.

शल्यविशारद : चालताना तोल जातो का, तेही विचारा, आणि आईच्या आईकडून आलेला बहिरेपणा घराण्यात असल्यास डॉक्टरांना सांगा, कारण त्या जनुकदोषात योग्य डोसही कान घालवू शकतो.