पैसे उत्पादकांचे, तरी पालिकेला खर्च आहेच
वेष्टनांचा कचरा गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याचा खर्च उत्पादक कंपन्यांनी द्यायचा, अशा योजनेबद्दल 'उत्पादकच पैसे देणार, म्हणजे पालिकेच्या खिशाला तोशीस नाही' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. मोबदला बहुधा ठरलेल्या दराने मिळतो, झालेल्या खर्चाइतका नाही. शिवाय करारात भेसळीची, म्हणजे गोळा केलेल्या मालात चालत नसलेल्या वस्तूंची, मर्यादा असते. ब्रिटिश कोलंबियात २०१४ साली सुरू झालेल्या योजनेत ती वजनाच्या ३ टक्के आहे. म्हणजे १०० किलो मालात एक जुना मिक्सर पडला की संपली. काच तर पहिल्या दिवसापासून वेगळ्या डब्यात घ्या. गाडीत दाबताना तिचा चुरा होतो, कपच्या कागदात रुततात आणि असा माल कागद कारखाने परत पाठवतात.

खरी मेख मात्र फुकट्यांची. जर्मनीतली अशीच यंत्रणा १९९३ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. बऱ्याच कंपन्या वेष्टनावर हिरवा ठिपका, म्हणजे योजनेचं शुल्क भरल्याची खूण, छापायच्या, पण शुल्क पूर्ण भरायच्या नाहीत. त्यात गोळा झालेलं प्लास्टिक अंदाजापेक्षा खूपच जास्त निघालं. त्यामुळे गाड्या रस्त्यावर उतरवण्याआधी उत्पादकांची नोंदणी आणि कागद, काच, प्लास्टिक असं वजनाचं विवरण हातात हवं. लहान कंपन्यांना सूट द्यायची असेल तर तिची मर्यादाही तेव्हाच ठरवा, नंतर कोणी ऐकत नाही.