आजोळ ग्रुप: ओंकारला कॅनडात मॉन्ट्रियलला गाडी कोणती घ्यावी?

ओंकार: मंडळी, सल्ला हवाय. थंडी सुरू व्हायच्या आत गाडी घ्यायची आहे. घर व्हर्दनला, ऑफिस लाव्हालला, वाटेत रमाला डेकेअरला सोडायचं. बजेट 15 हजार डॉलर, म्हणजे जुनीच घेणार. दोन नक्की केल्यात. एक 2017 ची सुबारू क्रॉसट्रेक, ऑल व्हील ड्राइव्ह. दुसरी 2018 ची टोयोटा कोरोला, साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह, दोन हजारांनी स्वस्त. कोणती घेऊ?

बंडूमामा: अरे त्यात विचारायचं काय! चारही चाकं ओढणारी घे. गेल्या पावसाळ्यात मुळशीकडे आमच्या ग्रुपच्या गाड्या रुतून बसल्या होत्या, माझी थार सरळ वर चढली. बर्फ म्हणजे शेवटी पांढरा चिखलच.

नंदामावशी: दादा म्हणतोय तेच घे रे. दोन हजारांकडे बघू नकोस. लहान मूल आहे गाडीत.

केतन (ऑस्लो): इलेक्ट्रिकचा विचार केलास का? इथे 2024 मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास 89 टक्के इलेक्ट्रिक होत्या, आणि थंडी आमच्याकडेही आहेच.

ओंकार: केतन, आम्ही भाड्याच्या घरात आहोत, गाडी रस्त्यावर लागणार. चार्जर बसवायला जागाच नाही.

केतन (ऑस्लो): मग या वर्षी नको. कडाक्याच्या थंडीत पल्ला चांगलाच घटतो, घरी चार्जिंग नसेल तर रोजची कटकट होईल. पुढे कधी घेतलीस तर हीट पंप, म्हणजे कमी विजेत गाडी आतून गरम करणारं यंत्र, असलेलीच बघ.

शुभाताई (ऑटावा): ओंकार, कामावर होते, आत्ता बघितलं. जरा मोठा मेसेज आहे, पण सगळा वाच.

मामा, चिखलातून गाडी बाहेर काढायची असते, तिथे चारही चाकांना ताकद मिळणं कामाला येतं. इथल्या रस्त्यावर गाडी थांबवता यावी लागते. ब्रेक दाबल्यावर इंजिन किती चाकांना जोडलंय याला काही अर्थ उरत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. थांबणं आणि वळणं टायरच्या रबरावर ठरतं. ऑल व्हील ड्राइव्हवाली गाडी सिग्नलवरून झटकन सुटते, त्यामुळे चालवणाऱ्याला वाटतं रस्ता बरा आहे, आणि पुढच्या सिग्नलला ती थांबत नाही. दर वर्षी पहिल्या बर्फात महामार्गाच्या कडेला खड्ड्यात गेलेल्या गाड्या दिसतात, त्यात मोठमोठ्या एसयूव्ही भरपूर असतात.

साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं रबर उणे 20 लाही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला धरतात. दुकानात गेलास की दोन्ही टायरवर अंगठा दाबून बघ, हाताला कळेल. फिनलंडच्या नोकियन कंपनीने बर्फासाठीचा पहिला टायर 1934 मध्ये ट्रकसाठी काढला. ज्या देशात निम्मं वर्ष बर्फ असतं त्यांनी आधी टायरचा विचार केला, हे लक्षात घे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कोरोला घे आणि वाचलेले दोन हजार टायरवर घाल.

मधुरा: ताई, पण कोरोलावाला म्हणतोय टायर नवेच आहेत, ऑल सीझन. सगळ्या ऋतूंना चालतात म्हणे.

शुभाताई (ऑटावा): मधुरा, तुमच्या क्यूबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर कायद्याने सक्तीचे आहेत. आमच्या ऑन्टारियोत सक्ती नाही, तुमच्याकडे आहे. नसले तर 200 ते 300 डॉलर दंड. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र हवं. ऑल सीझनवर बहुधा असतं तसं नुसतं एम प्लस एस (म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते 2014 च्या डिसेंबरपासून चालत नाही. ऑल वेदर नावाचे टायर वेगळे, त्यांच्यावर ते चित्र असतं आणि कायद्याला चालतात. पण तुमच्या पहिल्या हिवाळ्यात मी पक्के विंटरच घ्यायला सांगेन. आणि चारही घ्या. पुढेच दोन लावले तर वळणावर मागची बाजू फिरते.

ओंकार: खर्च किती येईल?

शुभाताई (ऑटावा): कोरोलाच्या मापाचे चार चांगले टायर, वेगळ्या स्टीलच्या रिमवर, हजार-बाराशेपर्यंत बसतील. रिम वेगळी घे, म्हणजे दर ऑक्टोबर आणि एप्रिलला टायर रिमवरून काढत बसायला नको. आणि गाडी लहान चाकांचीच बघ. 18-19 इंची चाकं फोटोत छान दिसतात, पण त्यांचे टायर महाग, खड्ड्यात रिमही वाकते. आजच फोन करून वेळ घे. पहिला बर्फ पडला की गॅरेजमध्ये दोन-दोन आठवडे नंबर लागत नाही.

बंडूमामा: शुभा, थांबण्याचं पटलं मला. पण गाडीच्या पोटाखालच्या उंचीचं काय? दीड-दोन फूट बर्फ पडला तर ती कोरोला जमिनीला टेकेल.

शुभाताई (ऑटावा): मामा, अगदी बरोबर विचारलंस. क्रॉसट्रेक जमिनीपासून 22 सेंटिमीटर वर आहे, कोरोला जेमतेम 13. हा फरक खरा आहे. मॉन्ट्रियलला हिवाळ्यात एकूण दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो, पण पालिका तो उचलून नेते. त्रास होतो तो नांगराच्या गाडीमुळे. ती रस्ता साफ करत जाते आणि कडेच्या गाड्यांना बर्फाचा बांध घालून जाते. तो बांध दुपारपर्यंत दगडासारखा होतो. क्रॉसट्रेक त्यावरून कदाचित निघेल, कोरोलासाठी फावडं मारावं लागेल. दहा-पंधरा मिनिटांचं काम, ओंकार तरुण आहे. मुख्य रस्ते आणि 15 नंबरचा महामार्ग लवकर मोकळे होतात. दर शनिवारी लॉरेन्टियन्सच्या डोंगरात जाणार असता, किंवा घर चढावर असतं, तर मीच क्रॉसट्रेक म्हटलं असतं. तीसुद्धा विंटर टायर लावूनच.

ओंकार, नारिंगी पाट्यांकडे लक्ष ठेव. बर्फ उचलायचा असला की नो पार्किंगची नारिंगी पाटी लागते, आणि काम सुरू व्हायच्या आधी टो ट्रक भोंगा वाजवत गल्लीतून जातो. ऐकला की गाडी हलवायला तसाच खाली पळ.

ओंकार: हे कोणी सांगितलंच नव्हतं. बरं, शनिवारी कोरोला बघायला जातोय. काय काय तपासू?

शुभाताई (ऑटावा): आधी गंज, मग बाकीचं. इथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीला खालून खातं. वरून चकाचक असलेली गाडी खालून पोखरलेली असू शकते. टॉर्च घेऊन जा आणि गुडघ्यावर बस. दारांच्या खालची पट्टी, चाकावरच्या कमानीची आतली कड, ब्रेकच्या नळ्या. वरवरचा तांबूस थर चालेल. पापुद्रे सुटत असतील किंवा बोटाने दाबल्यावर पत्रा आत जात असेल तर गाडी सोडून दे, किंमत कितीही कमी असो. पसंत पडली तर पैसे देण्याआधी तुझ्या ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून बघ. विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच परत फिर. घेतल्यावर दर वर्षी खालून तेलाचा फवारा मारून घ्यायचा.

बॅटरी किती जुनी आहे तेही विचार. थंडीत तिची ताकद घटते आणि इंजिनाला जास्त लागते, म्हणून जुनी बॅटरी पहिल्या उणे 20 च्या सकाळी मान टाकते. इंजिन गरम ठेवायला उभ्या गाडीला विजेचा प्लग लावतात ते जास्त थंडीच्या विनिपेग-एडमंटनकडे, तुला त्याची गरज नाही.

नंदामावशी: रमाला थंडी नको गं बाधायला. गाडी आधी सुरू करून गरम करून ठेवता येते ना?

शुभाताई (ऑटावा): येते मावशी, रिमोट स्टार्टर बसवून मिळतो. पण मधुरा, ओंकार, हे दोघांनी नीट वाचा. बर्फ पडून गेला असेल तर गाडी सुरू करण्याआधी मागे जाऊन सायलेन्सरची नळी मोकळी करायची. ती बर्फाने बुजलेली असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, त्याला वासही नसतो. रमाला आत बसवून तुम्ही बाहेर बर्फ झटकताय, असं अजिबात करायचं नाही.

आणि तिचं जाडं जॅकेट सीटवर बसवताना काढायचं. त्या फुगीर जॅकेटवरून पट्टा घट्ट वाटतो, पण धक्क्यात जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. पातळ स्वेटरवर पट्टा लावा, वरून पांघरूण घाला.

मधुरा: हे फार बरं झालं सांगितलंस ताई. मी तिला जॅकेट घालूनच बसवणार होते.

बंडूमामा: ओंकार, शुभा सांगते तसं कर. मी माझं मत बदललं. फावड्याचे पैसे माझ्याकडून.

ओंकार: ठरलं मामा. खालून गंज नसेल तर कोरोला, आणि टायरची वेळ उद्या सकाळीच घेतो. गंज निघाला तर दुसरी कोरोला किंवा माझदा 3 शोधेन.

शुभाताई (ऑटावा): चालेल. दुकानदाराने टायर लावले की पैसे द्यायच्या आधी चारही टायरच्या बाजूचे फोटो मला पाठव. डोंगराचं चित्र मी स्वतः बघते. आणि काच धुवायचं पाणी आत्ताच बदलून घे, उणे 40 पर्यंत न गोठणारं.