वाटणीचा वाद: मध्यस्थ की दावा?

बांधावरचा
"मध्यस्थी म्हणजे दुबळ्याच्या गळ्यात मारलेली तडजोड, सरळ दावा लावा" हे काल इथे कोणी लिहिलेलं वाचून राहवलं नाही. आमचा वाटपाचा दावा 2003 चा. अडीच एकर, वडील धरून तीन भाऊ. विहिरीवरची मोटर गंजून गेली, कारण दुरुस्तीचा खर्च कोणाच्या हिश्शात धरायचा यावर एकमत नव्हतं. 2019 ला कोर्टाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली मध्यस्थीला पाठवलं. चार बैठकांत मिटलं. थोरल्या काकांना विहीर नकोच होती. आजोबांना जिथे अग्नी दिला तो वडाजवळचा तुकडा हवा होता. सोळा वर्षांत एकाही कैफियतीत हे आलं नव्हतं!

माहेरवाशीण
तीन भाऊ म्हणताय. आत्या किती?
आमच्याकडेही "मध्यस्थी" झाली. बाबांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मंडपवाले बांबू उतरवत होते आणि मामांनी हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे ठेवला. "सही कर, माहेर तुटणार नाही." आठवड्यात निबंधकाकडे नेऊन नोंदवलंसुद्धा. आता गेले की चहा विचारतात, जेवून जा म्हणत नाहीत.

धाकटा
ताई, आमच्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा सहा वर्षं आम्ही केलं. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क महाराष्ट्रात 1994 ला मिळाला, देशभर 2005 ला. दवाखान्याच्या बिलात वाटा कोणत्या साली मिळणार?

माहेरवाशीण
बिलं दाखवा, वजा करा, माझी ना नाही. पण सेवेच्या नावाखाली अख्खा हिस्सा गिळायचा नाही. आणि आईचं अंथरूण तुम्ही बदललंत की वहिनींनी? त्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे?

धाकटा
माझ्या बायकोला मध्ये आणायचं काम नाही. तुम्ही आमचं घर पाहिलेलं नाही.

दिवाणी वकील
तुमचे मामा मध्यस्थ नव्हते, भावाच्या बाजूचे पंच होते. कोर्टाचा मध्यस्थ निकाल देत नाही. दोघांना वेगवेगळं बसवून ऐकतो, तिथलं बोलणं पुराव्यात येत नाही, पटलं नाही तर उठायचं, दावा पुढे चालू. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या विनीता शर्मा निकालाने वडील 2005 ला हयात होते का हा मुद्दाही संपवला. मुलगी तिथे हिस्सेदार म्हणून बसते, पाहुणी म्हणून नाही. मात्र नोंदवलेलं सोडपत्र रद्द करायचं तर दबाव किंवा फसवणूक सिद्ध करावी लागते आणि मुदत तीन वर्षांची.

माहेरवाशीण
मला अकरा झाली.

बांधावरचा
आत्या दोन. 1998 लाच त्यांच्याकडून सोडपत्र घेतलेलं होतं, म्हणून बैठकीला बोलावलं नाही. हे मी आधीच लिहायला हवं होतं. मध्यस्थीबद्दलचं माझं मत तेच आहे, पण आमची वाटणी नीट झाली असं आता म्हणवत नाही.

धाकटा
अंथरूण तीच बदलायची. तिचं नाव लागायला हवं, एवढं मान्य. बाकी काही मान्य नाही.