थर्सो ईस्टला जानेवारीत सर्फिंग: जाऊ का थांबू?

लाटेवरचा_पुणेकर

नमस्कार मंडळी, इथे ट्रेकिंग-सायकलिंगचे ढीगभर धागे आहेत पण सर्फिंगवर शोधलं तर फक्त गोव्याचा एक जुना धागा मिळाला, म्हणून नवीन काढतोय. मी नोकरीनिमित्त ऍबर्डीनला असतो. सर्फिंग शिकलो मुल्कीला, इथे आल्यावर फ्रेझरबर्गच्या वाळूच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी जातो. हिरव्या लाटेवर, म्हणजे न फुटलेल्या, उभा राहतो, डावी-उजवीकडे वळतो, कमरेएवढ्या लाटेत मजा येते, छातीएवढी असली की निम्म्या वेळा नाक खाली जाऊन बोर्डासकट कोलांटी.

आता ऑफिसमधला एक जण म्हणतोय जानेवारीत उत्तर किनाऱ्यावरच्या थर्सोला चल, स्कॉटलंडमध्ये राहून थर्सो ईस्ट केलं नाही तर काय केलं. व्हिडिओ बघितले, उजवीकडे जाणारी लांबच लांब लाट, आत पोकळ, आणि वर आकाश असं की दुपारी दोनलाच दिवे लावावेत. मला भीती फक्त थंडीची वाटतेय. माझ्याकडे ४/३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (गार पाण्यात घालायचा रबरी सूट) आहे. त्यावर ग्लोव्ह्ज-बूट घातले तर भागेल का? बाकी काय तयारी करू? आणि हो, आईला यातलं काही माहीत नाही, तेव्हा कोणी ओळखीचं असेल तर कृपया…

इन्व्हर्नेसचा_बाळू

दादा, थंडीचं नंतर बघू, आधी लाटेचं बोलू. तू वाळूवर शिकलायस. वाळूवर तळ हळूहळू वर येतो, लाट आधीच घासत घासत येते आणि दमून फुटते. थर्सोला तसं नाही. तिथे तळाला केथनेसचा, म्हणजे त्या भागातलाच, फरशीचा दगड आहे, ज्याच्या लाद्या काढून एके काळी जगभरचे फुटपाथ घातले, तोच. त्या लाद्यांचा थर समुद्रात तिरका उतरत गेलाय. खोल पाण्यातून आलेली लाट त्या कडेवर एकदम अडखळते, खालचा भाग थांबतो, वरचा पुढे फेकला जातो आणि पोकळी तयार होते. म्हणून तिथली लाट दिसते तेवढी उंच नसली तरी जड लागते.

आणि फोरकास्टमध्ये नुसती उंची बघू नकोस, सेकंद बघ. दोन लाटांमधलं अंतर ८ सेकंद असेल तर खोल पाण्यात लाटेची लांबी शंभर मीटरच्या आसपास, तेच १४ सेकंद असेल तर तीनशेच्या वर. लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत लाटेचा हात पोचतो, म्हणजे १४ वाली दीडशे मीटर खोलीपासूनच तळ चाचपडत येते. फ्रेझरबर्गला वाऱ्याने उठलेल्या ८ सेकंदाच्या छातीभर लाटेत तू कोलांट्या खातोयस असं स्वतःच लिहिलंयस. थर्सोला तेवढ्याच उंचीच्या १४ सेकंदवालीत खाशील तर वर यायला वेळ लागेल आणि वर येशील तेव्हा डोक्यावर पुढची असेल. जानेवारीत आइसलंडच्या बाजूला एकामागून एक वादळं चालू असतात, त्यामुळे लहान लाटांचा दिवस मिळेलच असं नाही.

माझं मत विचारशील तर या जानेवारीत जा, पण पाण्यात डनेट बे ला उतर. थर्सोपासून गाडीने पंधरा मिनिटांवर, लांबलचक वाळूचा किनारा. थर्सो ईस्ट किल्ल्याच्या पडक्या भिंतींजवळ उभं राहून बघ, अख्खी भरती-ओहोटी बघ. ओहोटीला फरशी वर येते तेव्हा लाट उभी आणि पोकळ होते, भरतीला जरा जाड आणि मऊ पडते. हे काठावरून दिसतं, फुकटात दिसतं.

ऑफिसातल्या मित्राला विचार की तो स्वतः तिथे किती वेळा पाण्यात उतरलाय. नुसतंच विचार.

डॉ_वैनी

बाळू यांनी थंडी नंतरवर ढकलली म्हणून मी येते. मी सर्फर नाही, नवरा आहे, मी काठावर फ्लास्क घेऊन बसणारी. पण पेशाने डॉक्टर आहे तर तेवढं सांगते.

उत्तर किनाऱ्यावर जानेवारी-फेब्रुवारीत समुद्राचं पाणी साधारण ६-७ डिग्री असतं. थर्सो ईस्टला शेजारीच नदी समुद्राला मिळते, डोंगरावर बर्फ वितळत असेल तर ते पाणी त्याहून गार. अशा पाण्यात अचानक पडलं की पहिला धोका शरीर गोठण्याचा नसतोच, पहिला धोका श्वासाचा. आपोआप एक मोठा आ वासून श्वास घेतला जातो, मग धाप लागते, हृदय धडधडतं. तो आ वासलेला श्वास पाण्याखाली घेतला गेला तर संपलं. हे दोन-तीन मिनिटांत शांत होतं, म्हणून काठाजवळ चेहरा भिजवून, मानेवरून सूटमध्ये थोडं पाणी जाऊ देऊन, श्वास जागेवर येईपर्यंत थांबायचं आणि मगच आत जायचं. घाईत उडी मारणारे लोक मी बघितलेत, त्यांना वाटतं एकदाचं उरकून टाकू.

दुसरा टप्पा हातांचा. बोटं बधिर होतात, पॅडल मारताना, म्हणजे हातांनी बोर्ड वल्हवताना, पंजा पसरतो, बंद होत नाही. एक साधी चाचणी: अंगठा त्याच हाताच्या करंगळीला लावून बघायचा. लागत नसेल तर बाहेर या, तेव्हाच, "एक शेवटची लाट" नको. आमच्याकडे याच वाक्यावरून घरात भांडण होतं. बाहेर आल्यावरही अर्धा तास शरीराचं तापमान उतरत राहतं, तेव्हा लगेच गाडी चालवू नका, आधी कोरडे कपडे, टोपी, काहीतरी गोड गरम पेय. दारू अजिबात नको, तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि उरलीसुरली ऊब बाहेर जाते.

४/३ चा सूट जानेवारीत चालणार नाही. ६/५/४ घ्या, टोपी जोडलेलाच. आकडे म्हणजे मिलिमीटर जाडी, छाती-पाठ, पाय, हात या क्रमाने. बूट ५ ते ७, ग्लोव्ह्ज ५. आणि भाड्याचा ढगळ सूट असेल तर जाडीचा उपयोग शून्य, प्रत्येक बुडीला मानेतून गार पाण्याचा लोट पाठीवरून टाचेपर्यंत जातो. कानात प्लग घाला. वर्षानुवर्षं गार पाणी आणि वारा लागून कानाच्या नळीत हाड वाढतं, मग पाणी अडकतं, ऐकू कमी येतं, शेवटी ऑपरेशन. तरुणपणी कोणी ऐकत नाही, शब्दशः.

मालवणी_झील

माका सर्फिंगातला कायएक कळणा नाय, पण खडपाचा कळता. आमचो आजो सांगी, खडपार जावच्या आधी समुद्राक पाठ दाखवची नाय, आणि उभ्यान दहा-पंधरा मिनिटा नुसता बघूचा. बारकी लाट बघून माणूस उतरता आणि मोठी मागसून येता. तिकडे पण तसाच आसतला, समुद्र खयचोय असलो तरी. शेवाळार पाय सपाट टाक, टाचेर जोर देव नको.

बाकी पाणी ६ डिग्री म्हणजे आमच्या बांगड्याक लय बरा, तुका नाय.

लाटेवरचा_पुणेकर

सगळ्यांचे आभार, झील भाऊंचं तर प्रिंट काढून लावतो. मित्राला विचारलं, तो विषय बदलून ब्रिम्स नेसबद्दल बोलायला लागला, म्हणे थर्सोला लाट नसेल तर तिकडे जाऊ, जवळच आहे. तिकडे कसं आहे? शिवाय सँडसाइड बे म्हणून एक आहे तिथे अणुभट्टीचं काहीतरी आहे असं वाचलं, ते खरं आहे का कोणीतरी पुडी सोडलीये?

हायलँडमधली_सोनाली

हाय, मी इथे बऱ्यापैकी वर्षं आहे आणि थर्सो ईस्ट करते, त्यामुळे बाळूदादाच्या म्हणण्यात थोडं पाणी घालते आणि थोडं काढते.

ब्रिम्स नेस आधी. नको. एवढंच लिहून थांबणार होते पण कारण सांगते. थर्सोची खाडी पश्चिमेकडून होलबर्न हेडच्या सुळक्याने झाकलेली आहे, त्यामुळे पश्चिमेचा स्वेल, म्हणजे दूरच्या वादळांमुळे आलेल्या लाटा, तिथे वळसा घालून, जरा शिस्त लागून येतो. ब्रिम्स बाहेर उघड्यावर आहे, थर्सोला गुडघाभर असेल तेव्हा तिथे डोक्याएवढी असू शकते, आणि लाट फुटते ती जवळजवळ सुक्या लादीवर. म्हणजे "थर्सोला लाट नाही म्हणून ब्रिम्स" हे बरोबरच आहे, पण ते ज्याला थर्सो सोपं वाटतं त्याच्यासाठी. तुझा मित्र व्हिडिओ बघून बोलतोय असा माझा अंदाज.

सँडसाइडचं खरं आहे. शेजारी डूनरे, तिथे १९५० च्या दशकापासून अणुभट्ट्या होत्या, आता बंद करून मोडीत काढायचं काम चालू आहे. जुन्या काळी वापरलेल्या इंधनाचे वाळूच्या कणाएवढे तुकडे समुद्रात गेले, त्यातले काही सँडसाइडच्या वाळूत सापडलेत, म्हणून तिथे मशीनने किनारा तपासतात. डूनरेच्या सांडपाण्याच्या पाइपाच्या तोंडापासून २ किलोमीटरमध्ये १९९७ मध्ये मासेमारीला बंदी घातली गेली. किनारा लोकांना खुला आहे, तिथे सर्फिंगही होतं, जायचं का ते ज्याने त्याने ठरवायचं. मी जात नाही, पण त्याचं कारण निम्मं अणुभट्टी आणि निम्मं हे की मला थर्सो जास्त आवडतं.

आता जिथे माझं मत वेगळं आहे ते. बाळूदादाने थर्सो ईस्टचं जरा जास्तच भूत उभं केलंय. खडकाळ जागांमध्ये ती त्यातल्या त्यात सरळमार्गी आहे. लाद्या बऱ्याच सपाट आहेत, टोकदार प्रवाळ नाही, लाट दरवेळी त्याच जागी उठते आणि नदीच्या मुखाकडे सरकत जाते. नदीमुळे तिथे खोल वाट तयार झालीये, तिथून फारशी डोक्यावर लाट न घेता बाहेर जाता येतं. वाळूवर कुठून लाट येईल हे रोज नव्याने शोधावं लागतं, इथे नाही. २००६ पासून काही वर्षं ओ'नीलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा इथे व्हायची ती उगाच नाही. माझ्या माहितीतल्या बऱ्याच जणांनी पहिली खडकावरची लाट इथेच घेतलीये, पण सप्टेंबरात, लहान लाटांच्या दिवशी.

म्हणजे प्रश्न जागेचा नाहीये, महिन्याचा आहे. लोकांना बर्फातले फोटो हवे असतात म्हणून जानेवारी जानेवारी करतात. समुद्र हळू तापतो आणि हळू निवतो, उन्हाळा संपता संपता पाणी सगळ्यात उबदार, १२-१३ डिग्री. सप्टेंबर-ऑक्टोबरात अटलांटिकवरून चांगले स्वेल यायला लागलेले असतात, ५/४ मध्ये काम होतं, हात हलतात. जानेवारीत ६/५/४ घातलास की खांद्यावर रबरी बँड बांधून पॅडल मारल्यासारखं होतं, शिवाय जाड सूट तरंगतो त्यामुळे लाटेखालून बुडी मारताना बोर्ड खालीच जात नाही. आणि उजेड! डिसेंबरात सहा-सव्वासहा तास, जानेवारीत थोडा जास्त. ऍबर्डीनहून भल्या पहाटे निघून ए-९ ने, बेरीडेलचा घाट उतरून चढून, बर्फ नसेल तर पोचेपर्यंत निम्मा उजेड संपलेला.

अजून एक जे कोणी लिहिलं नाही: पाणी तपकिरी असतं. पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीच्या, दलदलीतून नदी येते, पावसानंतर तर कोऱ्या चहाचा रंग. पोकळीत गेलं की मागून उजेड येऊन सगळं मधासारखं पिवळं दिसतं, फार सुंदर, पण खाली लादी किती खोल आहे हे अजिबात दिसत नाही. म्हणून पडताना डोक्यावर नाही, पायांवर पण नाही, पसरून सपाट पडायचं, आणि वर येताना हात डोक्याभोवती. हे डनेटला कमरेभर पाण्यात मुद्दाम पडून सराव कर, लोक हसतील, हसू देत.

इन्व्हर्नेसचा_बाळू

भूत उभं केलं हे मान्य नाही, त्याने स्वतःच कोलांट्यांचं लिहिलंय 😀 पण सप्टेंबरचं शंभर टक्के मान्य.

वाऱ्याचं राहिलं. थर्सोला दक्षिण किंवा आग्नेयेचा वारा हवा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे, तो लाटेचा चेहरा साफ धरून ठेवतो. मात्र तोच वारा दमलेल्या माणसाला बाहेर ढकलतो, पलीकडे ऑर्क्नी दिसतं म्हणून जवळ वाटतं पण मध्ये पेंटलंड फर्थ ही सामुद्रधुनी आहे, तिथला भरतीचा प्रवाह युरोपातल्या सगळ्यात जोरदार प्रवाहांपैकी आहे. बोर्डाची दोरी तपास, जुनी असेल तर नवी घे. दोरी तुटली तर पोहत लाटेच्या दिशेनेच किनाऱ्याकडे यायचं, त्या शांत दिसणाऱ्या नदीच्या वाटेने नाही, कारण ती बाहेर नेणारी वाट आहे. काठावर कोणाला तरी सांगून उतर, काही अडचण दिसली तर त्याने ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागायचं. लाइफबोट स्क्रॅबस्टरला आहे, दोन-तीन मैलांवर.

लाटेवरचा_पुणेकर

ठरलं तर. जानेवारीत डनेट, सूट ६/५/४ भाड्याने पण घालून बघूनच, थर्सो काठावरून. सप्टेंबरात जमलं तर तिथे उतरेन. सोनालीताई, तिथले लोक कसे आहेत? बाहेरच्याला ओरडतात का, असं बऱ्याच ठिकाणी असतं म्हणून विचारतो.

हायलँडमधली_सोनाली

ओरडत नाहीत, पण बघत असतात. थर्सो गाव आठ हजाराच्या आतलं, कोण नवीन आलंय ते गाडी लावल्या लावल्या कळतं. पाच-सहा जणांच्या घोळक्याने उतरू नका. लाट उठते तिथे सगळ्यात आत जो बसलाय लाट त्याची, त्याच्या पुढे घुसायचं नाही, हा एक नियम मोडलास तर मात्र ओरडतील आणि बरोबरच ओरडतील. सुरुवातीला लाटेच्या खांद्याकडे, म्हणजे नदीच्या बाजूला बस, उरलेल्या लाटा घे, दोन चांगल्या घेतल्यास की कोणीतरी स्वतःहूनच सांगेल "ही तुझी, जा". गाडी लावताना शेताचं फाटक आणि ट्रॅक्टरची वाट मोकळी ठेव.

सप्टेंबरात येणार असशील तर आठवडाभर आधी इथे लिही, स्वेल कुठून येतोय ते बघून सांगते. आणि मित्राला आणलास तर त्यालाही ६/५/४ घालून डनेटलाच उतरव.

डॉ_वैनी

आणि कानाचे प्लग. कोणी लिहिलंच नाही परत.

लाटेवरचा_पुणेकर

घेतले, वैनी. आत्ताच ऑर्डर केले, मित्रासाठीही एक जोड.