समुपदेशक म्हणतात, रोज ठरवून भांडा. हे खरंच उपचार आहेत का?

प्रश्न:
आमचं भांडण नेहमी एकाच वळणाने जातं. नवरा घरी आला की मोबाइलमध्ये डोकं घालतो, मी टोचून बोलते, तो खोलीचं दार लावून घेतो. परवा समुपदेशक बाई म्हणाल्या, "भांडण इतक्यात थांबवू नका. रोज रात्री नऊला पंधरा मिनिटं ठरवून भांडा. आधी तुम्ही बोला, मग ते." नवऱ्याला ही चेष्टा वाटते. अशी काही पद्धत असते का?

उत्तर (कुटुंब समुपदेशक):
असते, आणि जुनी आहे. झोप येत नाही म्हणून धास्तावलेल्या माणसाला ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल मुद्दाम जागं राहायला सांगत. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या पालो आल्टो आणि इटलीतल्या मिलान इथल्या उपचारकांच्या गटांनी हाच विचार, म्हणजे ज्याचा त्रास होतो तेच ठरवून करायला सांगणं, कुटुंबांसाठी वापरला.

तुमचं भांडण आपोआप पेटतं, हीच अडचण आहे. नऊला भांडलात तर सुरू कधी करायचं नि थांबायचं कधी, हे तुमच्या हातात आलं. नाही भांडलात तर ते टळलंच. शिवाय त्यांची पाळी नंतर असल्याने दार लावून घेता येत नाही, आणि ऐकलं जाणार हे माहीत असल्यावर टोचायची गरजही कमी होते.

पण नुसती युक्ती म्हणून हे सांगितलं तर तो अपमानच. मिलानच्या गटाचा आग्रह असे की आधी त्या वागण्यातलं चांगलं शोधायचं. तुमच्या टोचण्यात कदाचित ‘माझ्याशी बोल’ ही हाक असेल, त्यांच्या दार लावण्यात शब्द आणखी वाढू नयेत ही धडपड. बाईंना जरूर विचारा, "भांडणातून आम्ही काय सांभाळतोय, असं तुम्हाला वाटतं?"

आणखी एक उत्तर:
मारहाण, धमक्या किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर हा गृहपाठ अजिबात करू नका. आधी सुरक्षितता.

प्रश्नकर्ती:
तसं काही नाही. काल नऊला बसलो. माझं दोन वाक्यांत संपलं. मग तो म्हणाला, "आता मी बोलू?" आणि बराच वेळ बोलत राहिला. घरात पाऊल टाकताच आज काय चुकलं ते ऐकावं लागणार, म्हणून तो मोबाइल काढतो म्हणे. मला हे माहीतच नव्हतं.

उत्तर (कुटुंब समुपदेशक):
वाचून फार बरं वाटलं. हे बाईंना सांगाल तेव्हा त्या कदाचित म्हणतील, "घाई नको, या आठवड्यात एखादं जुनं भांडण होईलच." दचकू नका, तोही याच पद्धतीचा भाग आहे. आधीच सांगून ठेवलेलं भांडण झालं, तर ‘सगळं मुसळ केरात’ असं दोघांनाही वाटत नाही.