विषय: गोमेझ मिल हाऊस सहल – पत्रकातला 'हवेली' शब्द

ताई,
मसुदा वाचला. न्यूयॉर्क राज्यातल्या मार्लबरोच्या या घराला 'हवेली' म्हटलंय ते बदलू या. 'वखार' म्हटलं की नेमकं चित्र उभं राहतं. लुईस गोमेझ स्पेनमधून परागंदा झालेल्या ज्यू घराण्यातले. 1705 मध्ये इंग्लंडच्या राणी ॲनच्या सनदेनं त्यांना न्यूयॉर्क वसाहतीत व्यापार करण्याचा आणि जमीन घेण्याचा हक्क मिळाला. पुढे 1714 च्या सुमारास हडसन नदीजवळ, ओढ्याकाठी, टेकडीच्या पोटात त्यांनी ही दगडी इमारत बांधली. मूळ रहिवाशांशी फरचा व्यवहार, चुनखडीची खाण, लाकूड असा सगळा कारभार इथला. भिंती जवळजवळ तीन फूट जाड!

वरचा विटांचा मजला मात्र गोमेझ यांचा नव्हे. तो घराचे नंतरचे मालक वोल्फर्ट एकर यांनी, म्हणजे निदान अर्धशतकानंतर चढवला. फोटोखाली नुसतं '1714' छापलं तर लोक विटाही त्याच सालच्या समजतील.

---

दादा,
'वखार' एकदम पटलं, बदलते. चौकटीत 'जुन्या भिंतींचे सांधे सिमेंटने भरून पक्के करतात' असं वाक्य आहे. ते राहू दे?

---

ताई,
ते काढाच, त्यानं घरं बिघडतात. पोर्टलंड सिमेंटचं, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंटच 1824 चं. त्याआधीच्या भिंती चुन्यातल्या. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल त्याच्यातून बाहेर पडते. सिमेंट ती वाट बुजवतं. मग ओल विटेतून निघू पाहते, थंडीत तिथंच गोठते, फुगते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. सांधा शाबूत, वीट गेलेली, असं दिसलं की कारण बहुधा हेच.

बरोबर रीत अशी: सैल झालेला चुना छिन्नीनं हातानंच काढायचा (ग्राइंडर विटेच्या कडा खातो), सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट तरी खोल. धूळ झाडून सांधा भिजवायचा. एक भाग चुना, तीन भाग धारदार (टोकदार कणांची) वाळू. पाणी कमीच, नाहीतर सुकताना भेगा पडतात. खोल सांधा एकदम न भरता थराथरानं भरायचा आणि काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. कोवळ्या चुन्याला हिवाळ्यातलं गोठणं सोसत नाही, म्हणून न्यूयॉर्कच्या हवेत हे काम सप्टेंबरच्या आत उरकलेलं बरं.

आणखी एक. ओढ्यावरची गवती छपराची कागद गिरणी हातकागद बनवणारे डार्ड हंटर यांची, विसाव्या शतकातली. मसुद्यात तीही गोमेझ यांच्या नावावर पडली आहे, तेवढं दुरुस्त करा.