मदत हवी आहे : जुनी ब्रनो .२२ रायफल, साल कसं ओळखू आणि किती द्यावेत?

मंडळी, जरा लांबण लागेल. अर्धी माहिती दिली की उत्तरंही अर्धीच येतात, म्हणून सगळं लिहितो.

वडिलांचे एक स्नेही दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची .२२ रायफल काकूंनी तेव्हाच गन हाऊसमध्ये जमा केली, ती अजून तिथेच आहे. घरात आता कुणाकडे परवाना नाही, त्यामुळे विकायची आहे. माझ्या परवान्यावर .२२ रायफल मंजूर आहे, खरेदीची मुदत दिवाळीनंतर संपते. अनुभव म्हणाल तर कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला .२२ डिलक्सने पालथं पडून मारलेल्या पाच-पाच गोळ्या, आणि गेली तीन वर्षं रेंजवर क्लबाची रायफल.

शनिवारी जाऊन बघून आलो. नळीवर ब्रनो, मॉडेल २ आणि चेकोस्लोव्हाकिया. डाव्या अंगाला इवलासा सिंह, त्याच्याजवळ ६५. मागची साइट सरकवायची, २५ ते २०० मीटर. पाच गोळ्यांचं मॅगझिन एकच. दस्त्याला मुठीपाशी केसाएवढी रेघ आहे; ती चीर की लाकडाची रेषा, मला ठरवता आलं नाही. नळीच्या एका बाजूला डाग आहेत, बोट फिरवलं की खरखर लागते. बहुतेक चामड्याच्या म्यानाला टेकून राहिलेली बाजू.

काकूंचा पुतण्या सांगतो की ही एका संस्थानिकाकडून आलेली, स्वातंत्र्याआधीची, म्हणून एक लाख साठ हजार. काकूंनी स्वतः आकडा काढलेलाच नाही. मला भाव पाडायचा नाही, उद्या त्यांच्याच घरी चहाला जायचंय. पण फसायचंही नाही.

निवृत्त_कोतवाला : संस्थानिक विसरा. मॉडेल २ ही महायुद्धानंतरची रायफल आहे, स्वातंत्र्याआधी ती आलीच कुठून! सिंहाजवळचे दोन आकडे म्हणजे तिकडच्या सरकारी चाचणीचं साल. १९६५. दुकानात त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनीही विकली गेली असेल. ते पाहायचं तर काकांचं परवान्याचं जुनं पुस्तक मागा. त्यात विक्रेत्याच्या शिक्क्यासकट खरेदीची नोंद असते. शिक्का पुसट असला तरी तारीख बहुधा वाचता येते, आणि ही नोंद पुतण्याच्या गोष्टीपेक्षा केव्हाही भरवशाची.

रानवाटा : किमतीबद्दल. परदेशी हत्यारांची आयात सामान्य परवानेधारकांसाठी ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे, म्हणून साठ वर्षांच्या ब्रनोला इथे हा भाव. युरोपात ती शेतकऱ्याच्या कोठारातली साधी बंदूक. तेव्हा एक लाख साठ हजार ऐकून दचकू नका, पण एवढे पैसे चांगल्या नळीचे असतात, डाग पडलेल्या नळीचे नाहीत. बाहेरचे डाग दिसतात तरी, आतले शोधावे लागतात. बोल्ट काढा, मागून उजेडाकडे धरून बघा. आत काळपट ठिपके दिसले तर आधी साफ करायला लावा, मग पुन्हा बघा. शिसं असेल तर निघेल, गंजाने खाल्लेलं निघणार नाही.

आणि एक विचारा : दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा व्हायची का? आमच्या घरच्या बारा बोअरला जेवढा गंज चढला तेवढा चार पावसाळ्यांत नाही, एका आचारसंहितेत चढला. तेल लावून दिली होती हो!

माळावरचा_नेमबाज : वरच्यांनी मुख्य गोष्ट सोडली. रिमफायर आहे ही. घोडा ओढला की आतल्या टोच्याचा (फायरिंग पिनचा) काडतुसाच्या पितळी कडेवर घाव बसून बार उडतो. कुणी रिकामीच घोडा ओढत बसलं असेल (आणि दाखवायला काढली की पाहुणे हेच करतात) तर हा टोच्या थेट नळीच्या मागच्या कडेवर आपटतो. तिथे तांदळाच्या कणीएवढी खोच पडते. मग काडतूस आत नीट बसत नाही, उडालेलं पुंगळं अडकतं. टॉर्च घेऊन ती कडा बघाच. नळीचं तोंडही बघा. पुढून गज घालून साफ करणाऱ्यांनी तिथली कडा झिजवलेली असते, आणि गोळ्या पसरतात त्या तिथून. दस्त्याची रेघ : मूठ धरून हलका पीळ द्या. रेघ उघडझाप करते का बघा.

शक्य असेल तर दुकानदाराकरवी रेंजवर दहा गोळ्या मारून घ्या, खडकीच्या कारखान्याचीच काडतुसं चालतील. पन्नास मीटरवर कागद काय सांगतो ते पुतण्याला सांगता येईल.

निवृत्त_कोतवाला : कागदांचं राहिलं. रायफलवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर अक्षर-अक्षर जुळवा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच परत फिरा, स्वस्तात मिळाली तरी. काकूंकडून थेट व्यवहार करायचा तर शस्त्र अधिनियमाप्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. काकूंच्या नावावर परवानाच नाही, म्हणून वारसाचे कागद आणि दुकानदाराच्या मार्फत विक्री हे सगळं जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र शाखेत विचारूनच पैसे द्या. मुदत दिवाळीची असेल तर आजच जा.

मूळ लेखक : सगळ्यांचे आभार. काल पुन्हा गेलो, टॉर्च घेऊन. पुस्तक मिळालं, खरेदी १९६७, मुंबईच्या दुकानाचा शिक्का. आतून नळी साफ झाल्यावर चकचकीत निघाली, डाग बाहेरचेच. खोच मात्र आहे, छोटी. दुकानदार म्हणतो, कारागीर ती दाबून सारखी करून देतो. दस्ता पिळला तेव्हा रेघ हलली नाही.

काकूंना सगळं खरं सांगितलं, संस्थानिकाचंसुद्धा. त्या हसल्या. म्हणाल्या, "ह्यांनी तर ती नारळांमागच्या माकडांसाठी घेतली होती, आणि शेवटपर्यंत एकावरही झाडली नाही." एक लाख वीस ठरले, खोच दुरुस्तीचा खर्च माझा. उद्या शस्त्र शाखेत जातोय.

आता एकच : ह्या ब्रनोचं दुसरं मॅगझिन पुण्या-मुंबईत कुणाकडे मिळेल का?